जाई आणि आहेर मॅडम यांची जोडणी

रजा संपवून कामावर हजर झाली त्या सोमवारी, नियमाप्रमाणे, रेणुका आहेरला कंपाइल करण्यात आलं.

बाळंतपणाच्या रजेवरून परतणाऱ्या प्रत्येक बाईला कंपाइल करून घ्यायचं, हा कंपनीचा नियम रजेच्या अर्जाच्या मागच्या बाजूला छापलेलाच होता. काम दुसऱ्या मजल्यावर, कँटीन आणि स्टोअरच्या मधल्या खोलीत होई. पाऊण तास लागे. पुरुषांची रजा सातच दिवसांची असल्यामुळे त्यांना नुसतं रीस्टार्ट करत. रेणुकाचा नवरा हेमंत सिन्नरच्या त्याच्या कारखान्यात असाच रीस्टार्ट होऊन आला होता, आणि त्याला काही फरक जाणवला नव्हता. घरच्यांनाही नाही.

कंपाइल केलेली बाई पक्की होते. तोवर तिला जे जे येत असेल ते ती तिप्पट वेगाने आणि न विसरता करते. मात्र त्यानंतर तिच्यात नवं काही घालायचं तर दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा उघडावं लागतं. आता जानेवारी होता. द्राक्षांचा हंगाम सुरू होत होता आणि कंपनी द्राक्षांच्या शीतगृहांची यंत्रणा बनवत असे, त्यामुळे रेणुकाला पक्कं करून घेण्याची घाई होती.

त्या खोलीचे प्रमुख खैरनार. चष्मा दोरीने गळ्यात, नोकरीला एकतीस वर्षं. यंत्रातून आलेला कागद त्यांनी दोन्ही हातांनी धरून वाचला.

"एरर शून्य. वॉर्निंग चौदा."

"चौदा?" रेणुका म्हणाली.

"मनावर घेऊ नका मॅडम. वॉर्निंगवर माणूस चालतो. एररवर अडतो." त्यांनी चष्मा चढवला. "पोहणे: शिकलेले आहे, कुठेही वापरलेले नाही. जर्मन, पहिली पातळी: तेच. सासूबाईंना उलट उत्तर: तयार आहे, कधीही बोलावलेले नाही."

"ते काढून टाकता येईल का?"

"राहू द्या. जागा फार घेत नाही."

एरर शून्य यावर रेणुकाचा विश्वास बसला नाही. अकरा महिने ती रोज स्वतःच्या चुका मोजत आली होती. नख कापताना लागलेलं बोट, तीन दिवस उलटी घातलेली कुंची, एकदा तर बाळाला डाव्या खांद्यावर घेऊन ती घरभर बाळ शोधत फिरली होती. यंत्राला यातलं एकही दिसलं नसेल तर यंत्र नीट बघत नसणार, असं तिला वाटलं. तरी तिने सही केली. सही करताना तिला सहसा तसंच वाटे.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सगळं उत्तम चाललं. बाटल्या चार मिनिटांत धुऊन झाल्या. दुपट्यांच्या घड्या कागदासारख्या पडल्या. सात वाजता तिने जाईला मऊ भात भरवला, कारण सातचा भात तिच्यात आधीपासून होता. मग जाई सोफ्याला धरून उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "अं."

रेणुका बघत राहिली.

"अगं, ती केव्हाची हात वर करून उभी आहे," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"दिसतंय मला, आई."

"मग घे ना."

"दिसतंय, पण पोचत नाहीये." रेणुकाने हे अगदी शांतपणे सांगितलं. "तिचं 'घे' माझ्याकडे नोंदवलेलंच नाही. पुरवणी ब भरायची राहिली."

"पोटच्या पोरीला नोंदवून यावं लागतं?"

"हो."

सासूबाईंनी येऊन जाईला उचललं. त्या सगळं हातानेच करत. कुकरच्या शिट्ट्या मोजणारं घड्याळ हेमंतने आणून दिलं होतं, ते त्यांनी ओट्यावर उलटं घालून ठेवलं होतं आणि शिट्ट्या त्या बोटांच्या पेरांवर मोजत. "किती गुणाची तुझी कंपनी," त्या म्हणाल्या.

यात लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी, की रेणुकाचं काम नेमकं हेच होतं. शीतगृहाच्या भिंतीवर एक पडदा असतो. तो फक्त म्हणतो, इथे तापमान असावं, इथे हिरवा दिवा असावा. कसं, ते त्याला माहीत नसतं आणि तो विचारतही नाही. मागे पक्का कोड असतो. त्याला सगळं करता येतं, पण काय हवं आहे ते त्याला दिसत नाही. दोघांच्या मध्ये नावांची एक यादी लागते. यादीत नाव असेल तर पडदा मागतो आणि कोड देतो. नाव नसेल तर पडदा मागत राहतो आणि मागे कुणाला काही ऐकूच येत नाही. ही यादी करणारं माणूस म्हणजे रेणुका. द्राक्षांसाठी तिने एकशे बारा नावं नोंदवली होती. स्वतःच्या मुलीसाठी एकही नाही.

आणि मूल हे पडद्याच्या जातीचं असतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. जाई कधीच कसं ते सांगत नसे. ती म्हणे, चेंडू. म्हणजे आता इथे चेंडू असावा.

पुरवणी ब सात दिवसांच्या आत भरता येत होती. शनिवारी साडेपाचला तिच्यावर शिक्का पडणार, त्यानंतर जे असेल ते दिवाळीपर्यंत.

मंगळवारी रेणुका जाईला आणि सासूबाईंना घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेली. पडद्याला हजर राहावं लागतं, असा नियम होता. जाईला टेबलावर बसवण्यात आलं. खैरनारांनी टाचणीचा डबा तिच्यापासून लांब सरकवला आणि रकाने आखलेला कागद पुढे ओढला.

"नाव?"

"भूक," रेणुका म्हणाली.

"प्रकार? हो-नाही, की अंशांत?"

"आधी हो-नाहीच होती. सातव्या महिन्यापासून अंशांत आहे."

"अंश. पुढे?"

"घे."

"हे काय, मूल्य की हाक?"

"हाक."

"रडणं?"

"हाक. पण चार प्रकारची."

"भाऊ, पाच," सासूबाई म्हणाल्या. "एक नुसतंच असतं."

खैरनारांनी पाच लिहिले. चेंडू, पाणी, भूर, दिवा लाव, दिवा बंद कर, परत लाव, अशी एकोणतीस नावं झाली. मग त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "आता उलट बाजू. तुमच्यात काही बदललं तर बाळाला कळवायचं का? दमणूक?"

"नको."

"काळजी?"

"नको," रेणुका जरा लवकरच म्हणाली. काळजीही तिच्याबरोबर कंपाइल झाली होती आणि आता तिप्पट वेगाने चालत होती.

"वॉर्निंग येईल. आत चालू आहे, बाहेर कळत नाही, अशी."

"ती सगळ्यांनाच येते ना?"

"बायकांच्या प्रत्येक कागदावर असते," खैरनार म्हणाले आणि पुढे गेले. "हसू?"

"जाईचं हसू माझ्या हसण्याला जोडायचं. मी हसले की ती हसते."

"बरं. आणि तुमचं?"

"तिच्या हसण्याला. ती हसली की मी हसते."

खैरनारांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, हे चक्र झालं. तुम्ही शीतगृहात असं जोडता का?"

"नाही."

"का नाही?"

"हा त्याच्यावर अवलंबून, तो ह्याच्यावर. सुरुवात कुठून करायची ते यंत्राला कळत नाही. फिरत बसतं."

"मग?"

"आत्तापर्यंत आमची कुठून तरी होत होती," रेणुका म्हणाली.

"त्या सुरुवातीची नोंद आहे?"

नोंद नव्हती. एक बाजू तोडावी लागणार होती. रेणुकाने विचार केला, की आईचं हसू कशावरच अवलंबून नसावं, ते कायम असावं, हे कोणत्याही पुस्तकात शोभलं असतं. तिने स्वतःच्या हसण्याला ठरावीक आकडा घातला. शून्य ते दहामध्ये दहा फार झाले असते आणि पाच कंजूषपणा वाटला. तिने सात लिहिले.

बुधवारी सकाळपासून रेणुका सातवर हसू लागली आणि जाई तिच्याकडे बघून सातवर हसू लागली.

बाकी सगळी नावं चोख चालत होती. जाई म्हणाली चेंडू, की चेंडू. दिवा लाव, बंद कर, परत लाव, एकोणीस वेळा, आणि रेणुकाच्या कपाळावर आठी नाही. हेमंतला हे सगळं फार आवडलं. "घर कसं हसरं वाटतंय," तो डबा भरताना म्हणाला.

"तू जरा तिच्याकडे नीट बघ," सासूबाई म्हणाल्या.

"बघितलं की. हसतेय."

"तेच म्हणतेय मी."

गुरुवारी जाईला लस टोचली. सुई आत जाताना ती सातवर हसत होती. डॉक्टरांनी तिला शहाणी म्हटलं. शुक्रवारी संध्याकाळी ती चालायला गेली आणि टीपॉयच्या कोपऱ्यावर आपटली. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. ती उठून बसली, आईकडे बघितलं आणि हसली.

रेणुकाच्या आत काळजीने वेग घेतला. किती लागलं, चक्कर आली का, उलटी होईल का, हे सगळं ती आजवर मुलीच्या चेहऱ्यावरून वाचत आली होती, आणि आता तिथे फक्त सात होतं. तिने टॉर्च लावून बाहुल्या बघितल्या, थंड पाण्याची पट्टी ठेवली, दर दहा मिनिटांनी नाव घेऊन हाक मारली. सगळं हसत हसत. दिवाळीपर्यंत आपल्याला हिचं काहीच कळणार नाही, एवढा एकच विचार तिच्यात फिरत होता, आणि बाहेर त्याचा मागमूस नव्हता. टेंगळाचं तिने बघितलं, पण टेंगूळ न येता दुखेल त्याचं काय?

"रड गं बाई एकदा," सासूबाई जाईला म्हणाल्या. जाई हसली.

सासूबाई उठल्या. स्वयंपाकघरातून लिंबाची फोड घेऊन आल्या आणि काही न विचारता त्यांनी ती जाईच्या जिभेला लावली.

जाईचा चेहरा आधी गोळा झाला, मग उलगडला, मग तिने जे भोकाड पसरलं ते तीन दिवसांचं होतं. त्यात सुई होती आणि टीपॉयही होता.

"आई, काय केलंत तुम्ही," रेणुका म्हणाली. रडण्याची हाक तिला पोचली होती आणि तिने मुलीला उचललं होतं. "हाताने मूल्य घातलं की जोडणी तुटते. कायमची."

"तुटू दे."

जोडणी तुटली होती, यात शंका नव्हती. जाई आता स्वतःच्या मनाने रडत होती. रडता रडता तिने आईच्या तोंडाकडे बघितलं. रेणुका सातवर हसत होती. जाईने थोडा वेळ ते हसू पाहिलं आणि मान वळवून आजीकडे हात केले.

शनिवारी दुपारी चार वाजता त्या तिघी पुन्हा दुसऱ्या मजल्यावर होत्या.

"मला चक्र हवंय," रेणुका हसून म्हणाली. तिला दुसरं काही करता येत नव्हतं.

"मॅडम, नियमात बसत नाही."

"चक्र लागलं तर एरर येते की वॉर्निंग?"

खैरनारांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "वॉर्निंग," ते म्हणाले.

"वॉर्निंगवर माणूस चालतो."

"चालतो," ते म्हणाले. "पण रोज येईल. जितक्या वेळा फिराल तितक्या वेळा. तोवर बाकीची कामं अडतील. भात, दूध, ऑफिस."

"किती वेळ?"

"यंत्रणा थोडं फिरू देते, मग एकदा तोडते. किती फिरू देते ते लिहिलेलं नाही." त्यांनी नवा कागद काढला, सात खोडलं आणि दोन्ही बाजूंनी बाण काढले. "आता सुरुवात. तुमचं सात काढलं, म्हणजे तुम्ही शून्यावर. शिक्का पडेल त्या क्षणी बाळाच्या तोंडावर जे असेल, ते आरंभीचं मूल्य."

"आणि तिचंही शून्य असेल तर?"

"तर शून्य. ती तुमचं शून्य बघणार, तुम्ही तिचं. दिवाळीपर्यंत. चक्र तेही पूर्णच असतं. त्याला तर वॉर्निंगसुद्धा येत नाही."

द्राक्षं शून्यावर उत्तम राहतात. माणसांचं कुठे दिलेलं नव्हतं.

रेणुकाचं हसू उतरलं होतं, आणि तिला गाल दुखत असल्याचं आत्ता कळलं. तिने जाईकडे पाहिलं. जाई टेबलावर बसून कपाळावरच्या टेंगळासकट खैरनारांकडे बघत होती. चेहरा कोरा होता.

"मी हसवते तिला," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, हाताने नाही," खैरनार म्हणाले. "शिक्क्याच्या आधी अर्धा तास हाताने घातलेलं धरत नाहीत. गुदगुल्या, टाळ्या, खुळखुळा, सगळं कलम नऊमध्ये आहे."

"भुर्रर्र म्हटलं तर?"

"आजी, तेही आहे."

सासूबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "मग बांधूनच ठेवा माझे हात."

पाच वाजले. कँटीनमध्ये कपबशा धुण्याचा आवाज येत होता. सव्वापाच झाले. जाईने टेबलावरची रेघ बोटाने पुसून पाहिली. ती पुसली जाईना. पाच वीस झाले. रेणुकाला वाटलं, एखादी बरी आई असती तर मूल आपोआप हसलं असतं. मग तिला वाटलं, बऱ्या आईने पुरवणी ब आधीच भरली असती.

"मला तयारी करून ठेवायला हवी," खैरनार म्हणाले आणि त्यांनी शिक्का काढला. शाईचा पॅड वर्षभराने उघडला होता, सुकलेला. त्यांनी शिक्का त्यावर दाबला, रद्दी कागदावर उठवून पाहिला. काही उमटलं नाही. मग त्यांनी एकतीस वर्षं करत आले होते तेच केलं. शिक्का तोंडाजवळ नेला, तोंड पूर्ण उघडलं आणि त्यावर वाफ सोडली. "हाऽऽ."

जाईची मान वर झाली.

शिक्का पुन्हा फिका उठला. खैरनारांनी तो पुन्हा तोंडाशी नेला. "हाऽऽ."

जाई हसली. आधी डोळ्यांत, मग खालच्या दोन दातांपर्यंत, आणि मग तिचं पोट हलायला लागलं. हे नऊ असावं.

"थांबा," रेणुका म्हणाली. "हे कलम नऊमध्ये येतं का?"

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की एरवी ते उलट उत्तर त्याच वेळी बोलावलं गेलं असतं.

प्रश्न रीतसर होता, त्यामुळे खैरनारांना नियमावली उघडावी लागली. त्यांनी पान शोधलं. जाईचं हसू सहावर आलं. त्यांनी कलम वाचलं, खालची टीप वाचली. चार. टिपेत एका परिपत्रकाचा उल्लेख होता, ते खणात होतं. रेणुका मुलीकडे बघत उभी होती आणि आपण हा प्रश्न का विचारला हे तिला कळत नव्हतं. तीन. घड्याळात पाच सव्वीस झाले होते.

"शिक्क्याला वाफ देणे ही शिक्क्याची देखभाल आहे," खैरनारांनी वाचलं. "हाताने नाही, तोंडाने आहे, आणि बाळासाठी नाही, रबरासाठी आहे. धरता येईल."

त्यांनी परिपत्रक खणात ठेवलं, खण लावला, शिक्का उचलला आणि पूर्ण गांभीर्याने त्यावर वाफ सोडली. जाईच्या ओठांचे कोपरे हलले. शिक्का कागदावर पडला, जांभळा, नीट वाचता येणारा.

"चार," खैरनार बघून म्हणाले आणि रकान्यात लिहिलं.

"चार पुरेल?" रेणुकाने विचारलं.

"पुष्कळ झालं. चक्राला वाढायला जागा लागते."

जाईने आईकडे पाहिलं. आईच्या तोंडावर चार उमटत होतं. ते बघून जाईचं पाच झालं.

सोमवारी रेणुका कामाला गेली आणि साडेसहाला परत आली. दारात चपला काढताना तिने जाईकडे पाहिलं, किंवा जाईने तिच्याकडे. याचीही नोंद नाही. ऑफिसात दुसऱ्या मजल्यावरच्या यंत्राने एक चिठ्ठी टाकली: चक्र आढळले, आई, हसू, जाई, हसू. मग दुसरी टाकली. खैरनार निघण्याच्या तयारीत होते. त्यांनी चिठ्ठ्या गोळा करून टाचणी लावली आणि वॉर्निंगच्या फायलीत ठेवल्या. तिसरी आली तेव्हा त्यांनी दिवा मालवला.

घरी त्या दोघी उंबऱ्याशीच बसल्या होत्या. रेणुकाच्या खांद्याला पर्स तशीच होती. सातचा भात सात वाजता झाला नाही. हेमंत हातात ताट घेऊन थोडा वेळ उभा राहिला, मग त्यांना ओलांडून आत गेला.

कुकरची तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली. गॅस बंद करणं कुणाच्याच यादीत नव्हतं. पाचव्या पेरावर अंगठा पोचला तेव्हा सासूबाई उठल्या आणि त्यांनी तो हाताने बंद केला.